टोप्या बसेपर्यंत कुकर नाही

डॉ. यशवंत जगदाळे यांच्या उजव्या अंगठ्यावर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. हे मी भक्तिभावाने लिहीत नाही. भक्ती करावी असा तो माणूस नव्हता. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला कपडे धुवायची एक लाँड्रेट आणि एक चिप शॉप यांच्यामध्ये त्यांची डेंटल सर्जरी होती; तिकडे दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. तिथे मी त्यांची नर्स म्हणून वर्षानुवर्षं उभी राहिले. रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीवर जसा विश्वास बसतो, तसा तो बसला होता.

फिलिंग झालं की डॉक्टर आरसा बाजूला ठेवत, डोळे मिटत आणि दातावरून अंगठा फिरवत. एकदाच. मग म्हणत, "मागच्या बाजूला केसभर उंच आहे." त्यानंतर मी निळा कागद पुढे करायची. हा कागद दातांच्या मध्ये ठेवून पेशंटला चावायला सांगतात. फिलिंग जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. ठिपका बरोबर डॉक्टर म्हणाले तिथेच उमटायचा. कागद हा आमच्याकडे पेशंटच्या समाधानासाठी होता, डॉक्टरांच्या नव्हे.

माणूस कोल्हापूरचा. मिशा तिथल्या, आवाज तिथला, आणि रविवारी मटण नसेल तर तो रविवारच नव्हे ही समजूतही तिथलीच. दात काढताना मात्र हा दणकट गडी इतक्या हलक्या हाताने काम करायचा की पेशंट विचारायचे, "हॅव यू स्टार्टेड, डॉक्टर?" तोवर दात ट्रेमध्ये पडलेला असायचा. एकदा शिकाऊ डेंटिस्ट म्हणून आलेल्या आणि पुढे आमच्याकडेच टिकलेल्या तरुणाने दाढेशी झटापट सुरू केली, तेव्हा डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्हेअर यू नीड फोर्स, यू हॅव मेड अ मिस्टेक अर्लियर." मला मराठीत सांगितलं, "जोर लावावा लागला की समजायचं, चूक आधीच झालीय. जोर नुसती पावती असतो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दोनच ठिकाणी ऐकलं. एक सर्जरीत. दुसरं त्यांच्या गॅरेजमध्ये.

डॉक्टरांना नेमबाजीचा नाद होता. गावाबाहेरच्या रायफल क्लबात ते दर शनिवारी जात. परवान्याच्या नूतनीकरणासाठी घरी आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारलं होतं की तुमच्यासारख्या डॉक्टर माणसाला रायफल कशासाठी लागते. डॉक्टर म्हणाले, "ऑल वीक आय हर्ट पीपल फ्रॉम सिक्स इंचेस. ऑन सॅटरडे आय लाइक अ बिट ऑफ डिस्टन्स." तो अधिकारी हसला, कपाट तपासलं, डॉक्टरांच्या पत्नी तारावहिनींचा चिवडा खाल्ला आणि सही करून गेला. माझा नवरा अविनाश मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये होता. त्याला या क्लबात ओढला डॉक्टरांनीच. पुढे दोघं मिळून काडतुसंही घरीच भरायला लागले, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

ज्यांना या नादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. गोळी सुटल्यावर काडतुसाची पितळी पुंगळी रिकामी उरते. ती फेकायची नाही. तिच्या बुडातली जळकी टोपी काढायची, त्याच खोबणीत नवी टोपी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर गोळी चढवायची. टोपी म्हणजे प्रायमर. असते मसुराच्या दाण्याएवढी, पण आत जो मसाला असतो तो दणका बसला की फुटतो. फुटणं हेच त्याचं काम. डॉक्टर त्याला टोपी म्हणत, कारण त्यांच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि तिला टोपीच लागायची.

क्लबाला पुंगळ्या मिळायच्या त्या बऱ्याचदा लष्कराच्या जुन्या साठ्यातल्या. लष्करवाले टोपी निसटू नये म्हणून खोबणीचा काठ आत दाबून ठेवतात. त्यामुळे नवी टोपी सहज आत जात नाही. अडते. आणि हातात छोटं यंत्र, अंगठ्याखाली त्याची दांडी, समोर अडलेली टोपी, अशा वेळी माणूस काय करतो? जोर लावतो. डॉक्टर लावत नसत. यंत्र खाली ठेवून ते पुंगळी उचलायचे आणि सर्जरीतून बाद झालेला ड्रिलचा एक बारीक दाता बोटांत फिरवून तो काठ तासायचे, पोखरलेल्या दाताचा काठ साफ करावा तसा. मग पुन्हा टोपी. मग पुन्हा अंगठा. टोपी बसली की पुंगळीच्या बुडावरून डोळे मिटून तोच अंगठा फिरायचा. टोपी काठाच्या किंचित खाली हवी. काठाच्या वर राहिली तर ती पुंगळी बाजूला.

या कामाला डॉक्टरांचे नियम होते. चष्म्याशिवाय कोणी आत यायचं नाही. टोप्या एका टेबलावर, दारू दुसऱ्या भिंतीच्या टेबलावर, दोन्ही एकत्र कधी नाही. आणि गॅरेजला लागून असलेल्या स्वयंपाकघरात, टोप्या बसेपर्यंत, कुकर लावायचा नाही.

हा शेवटचा नियम तारावहिनींनी केला होता. त्यामागे एक रविवार आहे. टोपी अर्धी आत गेली असताना दाराच्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली. डॉक्टरांचा हात दचकला. ती टोपी फुटली नाही, पण टोप्यांचा अख्खा ट्रे जमिनीवर उलटला आणि मसुराएवढ्या त्या टोप्या फ्रीझरखाली, रंगाच्या डब्यांमागे, सायकलच्या चाकाखाली पसरल्या. सारी दुपार आम्ही चौघं गुडघ्यांवर होतो. वहिनी गुडघ्यांवर होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या, ते जास्त भीतिदायक होतं. एक टोपी काही सापडली नाही. त्यापुढे बरेच महिने त्या गॅरेजात हूवर, म्हणजे केर ओढायचं यंत्र, लागला नाही आणि वहिनींनी कुकरला हात लावायच्या आधी दार ठोठावायला सुरुवात केली. "अहो, लावू का?" आतून उत्तर यायचं, "थांब." रविवारचं मटण संध्याकाळकडे झुकायला लागलं ते तेव्हापासून. पाहुणे भुकेने व्याकूळ, वहिनी खिडकीशी उभ्या, गॅसवर मटण भरलेला कुकर आणि खाली गॅस बंद. मी त्यांना एकदा विचारलं, "वहिनी, तुम्ही हे बंद का नाही करायला लावत?" त्या म्हणाल्या, "बंद करतील गं, मी म्हटलं तर. मग आठवडाभर माणूस घरात असून नसल्यासारखा. त्यापरीस मी थांबते."

आता जेफची गोष्ट. जेफ हा क्लबातला पोस्टमन, सरळ माणूस, स्वतःची काडतुसं स्वतः भरणारा. त्याच्याकडे अविनाशसारखीच आपोआप भरणारी रायफल होती. त्या काळी ती कायद्याने चालत असे. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस रायफल स्वतःच आत ढकलते आणि लोखंडी बोल्ट त्याच्या बुडावर आपटून बंद होतो. टोपी नीट खाली बसलेली असेल तर काही नाही. काठाच्या वर राहिलेली असेल तर तो दणका तिलाच बसतो. त्या शनिवारी जेफचं बोट घोड्यावर नव्हतंच. बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधीच काडतूस उडालं. पुंगळी फाटली, पितळेचे कण त्याच्या गालात घुसले आणि चष्म्याची एक काच तडकली. चष्मा नसता तर डोळा गेला असता.

डॉक्टर शेजारीच होते. गवतावर बसवून त्यांनी त्याच्या गालातले कण काढले. काढता काढता विचारलं, "डिड यू चेक देम, जेफ?" जेफ म्हणाला, "दे फेल्ट ऑल राइट, डॉक."

हाताला बरी लागली. हे वाक्य डॉक्टर आठवडाभर घोकत होते. पेशंटच्या तोंडात हात असताना मध्येच थांबून म्हणायचे, "फेल्ट ऑल राइट म्हणे." सोमवारी त्यांनी सर्जरीतल्या कपाटातून निळ्या कागदाचं एक पाकीट खिशात घातलं. गॅरेजात काचेचा एक तुकडा मांडला, त्यावर कागद. टोपी बसवलेली रिकामी पुंगळी त्यावर उभी टेकवायची आणि उचलून बघायची. टोपी खाली असेल तर फक्त कडेला निळी रेघ. वर असेल तर मधोमध ठिपका. टूलरूममधल्या माझ्या नवऱ्यालासुद्धा हे कधी सुचलं नसतं. तो भयंकर खूश झाला.

"प्रत्येक पुंगळी," डॉक्टर अविनाशला म्हणाले. "एकसुद्धा सोडायची न्हाई. संशय आला की कागद, न्हाई आला तरी कागद."

"आणि तुमच्या?" अविनाशने विचारलं.

डॉक्टरांनी अंगठा वर केला. "कागद तुझ्यासाठी हाय रे. मला देवानं दिलाय तो."

आम्ही सगळे हसलो. वहिनीसुद्धा. त्या अंगठ्याला तसं म्हणायचा हक्क होता.

त्यानंतर बऱ्याच काळाने, एका हिवाळ्यात, सर्जरीत मिसेस डॉकर्टी परत आल्या. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची दाढ भरली होती. "इट्स अ बिट हाय, डॉक्टर," त्या संकोचून म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद लावला. भला मोठा ठिपका. त्यांनी तो उंचवटा घासून काढला, माफी मागितली, आणि त्या गेल्यावर हात धुताना म्हणाले, "सुन्न करायचं औषध जास्त झालं असेल, त्यांना नीट चावता आलं नसेल." मी हो म्हटलं. असं होतं कधी कधी.

मग अजून एक पेशंट परतला. मग एक शाळामास्तर. डॉक्टरांची फिलिंग्ज परत येत नसत. आमच्या सर्जरीत ती गोष्टच नव्हती. आता मी बघायला लागले. सकाळी आल्या आल्या ते उजवा हात झटकायचे, थर्मामीटर झटकतात तसा. चहाचा मग डाव्या हाताने उचलायला लागले होते. एकदा हातातला प्रोब, दात तपासायची सळई, खाली पडला आणि तो पडल्याचं त्यांना आवाजाने कळलं. बोटांनी नाही.

कार्पल टनेल हा आमच्या धंद्यातला ओळखीचा आजार. मनगटातली नस दाबली जाते, आणि आधी जातो तो अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं. मी एका संध्याकाळी उपकरणं आवरताना म्हटलं, "डॉक्टर, मनगट दाखवून घ्या की कुणाला तरी."

"वय झालं बाई, दुसरं काय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "दाखवलं तर काय सांगतील? काम थांबवा म्हणतील. मी थांबून काय करू, बुद्धिबळ खेळू?"

तेवढ्यावर तो विषय संपला. पण माझा संपला नव्हता. कारण गॅरेजात तेव्हा मोठं काम चाललं होतं. अविनाशची क्लबाच्या टीममध्ये निवड झाली होती. पुढच्या शनिवारी मॅच होती आणि तिच्यासाठी लष्करी पुंगळ्यांची एक मोठी पिशवी आली होती, सगळ्या अडेल खोबणीच्या. अविनाशला एकेक टोपी कागदावर टेकवायला वेळ लागायचा. डॉक्टर म्हणाले, "तुझ्या कागदानं दिवाळी उजाडंल. टोप्या मी बसवतो, तू दारू बघ." म्हणजे माझा नवरा खांद्याला लावून जी काडतुसं उडवणार होता, त्यांच्या टोप्या त्या अंगठ्याने पास केलेल्या होत्या. निम्म्या पुंगळ्या एका रविवारी भरून झाल्यासुद्धा होत्या.

मी अविनाशला सांगितलं. परत येणारी फिलिंग्ज, चहाचा मग, प्रोब, सगळं. तो जेवता जेवता थांबला.

"शैला, डॉक्टरांवर संशय? तू घेतेस?"

"त्यांच्यावर नाही. त्यांच्या अंगठ्यावर."

"ते एकच आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझा हात हातात धरून शिकवलंय त्यांनी. मी त्यांच्यासमोर त्यांच्याच पुंगळ्या कागदावर लावू? मला नाही जमायचं ते. तुला सांगायचं तर सांग."

"आणि मी नाही सांगितलं तर? शनिवारी तू ती उडवणार?"

त्याने ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. मला त्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. पण खरं सांगायचं तर तो घाबरला होता. जेफचा गाल त्यानेही पाहिला होता. पण त्याला डॉक्टरांना दुखवायची भीती जास्त वाटत होती. पुरुषांचं हे गणित मला कधी कळलं नाही.

रविवारी आम्ही नेहमीसारखे त्यांच्याकडे गेलो. माझ्या पर्समध्ये सर्जरीतलं निळ्या कागदाचं नवं पाकीट होतं. गॅरेजातला कागद एव्हाना संपला असणार असं मला वाटत होतं, आणि तो संपलेलाच होता.

दोघं आत गेले. दार लोटलं गेलं. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात. मटणाला हळद-मीठ लागलं होतं, कुकर भरून गॅसवर होता, गॅस बंद. दारापलीकडून यंत्राचा आवाज यायचा. टिक्. थोडी शांतता. टिक्. इतक्या वर्षांत त्या आवाजाला एक ठेका आला होता. वहिनी त्या ठेक्यावर कांदा चिरत.

त्या दिवशी ठेका बिघडला होता. टिक् झाल्यावर नेहमी जी शांतता असायची ती काठ तासण्याची असायची. आज ती येतच नव्हती. अडेल पुंगळ्यांची पिशवी होती, तरी एकही पुंगळी अडत नव्हती. म्हणजे अडत होत्या, आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते टोप्या रेटून आत घालत होते.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. त्यांनाही ऐकू आलं होतं. "आज तासत न्हाईत ते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून अगदी हळू, "हाताचं काही हाय का गं?"

"हो, वहिनी."

"मला वाटलंच. शर्टाची बटणं मी लावते हल्ली. म्हणत्यात, थंडीनं बोटं आखडत्यात."

पलीकडून एक वेगळाच आवाज आला. कचकन काहीतरी दबल्यासारखा. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. स्फोट झाला नाही. मग पुन्हा टिक्. दाराजवळच्या खुंटीवरचा जादा चष्मा मी डोळ्यांवर चढवला, पर्समधून पाकीट काढलं आणि दार ठोठावलं.

"थांब," आतून आवाज आला. त्यांना वाटलं वहिनी कुकरचं विचारतायत.

"मी आहे, डॉक्टर. शैला."

आत अविनाश पलीकडच्या भिंतीशी दारू मोजत होता. त्याने मला पाहिलं आणि लगेच नजर तराजूकडे वळवली. डॉक्टरांच्या समोर पुंगळ्यांची रांग होती. हातात यंत्र, दांडीवर अंगठा. अंगठ्याचं नख दाबून दाबून पांढरं पडलं होतं, आणि चेहऱ्यावर जोर लावल्याची कसलीच खूण नव्हती. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

"मी बोलावलं नव्हतं, बाई," ते म्हणाले.

"सर्जरीत तरी कुठे बोलावता? मी असतेच." मी पाकीट काचेशेजारी ठेवलं. "कागद लावायचा का, डॉक्टर?"

हा प्रश्न मी त्यांना आयुष्यात हजारो वेळा विचारला असेल. प्रत्येक फिलिंगनंतर. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. त्या दिवशीही मी तो तसाच विचारला, निदान प्रयत्न तरी केला.

ते पाकिटाकडे बघत राहिले. पलीकडे अविनाशच्या हातातला चमचा थांबला होता. मला वाटलं, आता ओरडतील. कोल्हापूरच्या सगळ्या शिव्या त्यांना येत होत्या. पण त्यांनी यंत्र खाली ठेवलं, डाव्या हाताने पाकीट फोडलं आणि एक कागद काचेवर पसरला.

पहिली पुंगळी उचलली. डोळे मिटून अंगठा फिरवला, मग कागदावर टेकवली. कडेला रेघ, मध्ये स्वच्छ. दुसरी उचलली, तीही स्वच्छ. अविनाशने श्वास सोडलेला मला ऐकू आला. तिसऱ्या पुंगळीवरून त्यांनी अंगठा फिरवला, "ही पण बरोबर हाय," म्हणाले, आणि टेकवली.

उचलली तेव्हा मधोमध निळा ठिपका होता.

त्यांनी ठिपक्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. डोळे उघडे ठेवून. मग दुसऱ्या हाताचा. डाव्या अंगठ्याला ते लगेच लागलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पुढची टेकवली. ठिपका. त्याच्या पुढचीला ठिपका नव्हता, पण उजेडात धरल्यावर टोपी एका बाजूला चेपलेली दिसली. नुसता जोर लावून कोंबलेली. ती हातात का फुटली नाही, ते देव जाणे.

"अविनाश," ते म्हणाले, "मागच्या रविवारची भरलेली काडतुसं आण."

अविनाशने डबा आणला. "डॉक्टर, ही पण कागदावर..."

"भरलेल्या काडतुसाचं बूड कशावर टेकवायचं न्हाई. आणि त्याची टोपी परत दाबायची तर मुळीच न्हाई. हे तुला मी शिकवलंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तपासायची न्हाईतच ही. सगळी मोडायची. एक ठेवायची न्हाई."

"सगळी? मॅच शनिवारी आहे, डॉक्टर."

"विकतची घे."

मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या काठावर घासून पाहिला, काही लागतंय का म्हणून. माझ्याकडे वळले. "उद्यापासूनच्या माझ्या अपॉइंटमेंट्स त्या पोराकडे द्या, बाई. आणि त्या मिसेस डॉकर्टींना फोन करा. त्यांना परत बोलवून त्यानंच बघू दे."

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी चष्मा काढला नाही.

ते उठले. स्वयंपाकघराचं दार उघडलं. वहिनी दाराला लागूनच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"तारा," डॉक्टर म्हणाले, "कुकर लाव."

दुपार अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती. त्या घरात इतक्या लवकर हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. वहिनींनी किती रविवार या दोन शब्दांची वाट बघितली होती. त्यांनी काड्यापेटी उचलली. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. मग काड्यापेटी कट्ट्यावर ठेवून त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, घाई काय हाय? मी थांबते की. तुम्ही सावकाश करा."

डॉक्टरांनी स्वतः गॅस पेटवला. डाव्या हाताने.

मनगटाचं ऑपरेशन झालं. उशीर झाला होता. दुखणं गेलं, पकड बरीचशी आली, पण अंगठ्याची जाण काही पुरती परतली नाही. ड्रिल त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. सर्जरी त्या तरुणाने घेतली. डॉक्टर आठवड्यातून काही दिवस विद्यार्थ्यांना शिकवायला जाऊ लागले. ते शिकवतात काय, हे एका विद्यार्थ्याकडून कळलं. पहिल्या दिवशी ते म्हणत, "युअर थंब विल लाय टु यू वन डे, अँड इट विल नॉट टेल यू व्हिच डे." तो मुलगा म्हणाला, सगळे हसतात. मी नाही हसले.

पुढे कायदा बदलला. अविनाशची आपोआप भरणारी रायफल जमा करावी लागली आणि त्याने साधी, हाताने बोल्ट ओढायची रायफल घेतली. डॉक्टरांचं टेबल, यंत्र, तराजू सगळं आमच्या गॅरेजात आलं. त्यामागोमाग रविवारचे डॉक्टरही. नव्वदच्या दशकात त्यांचा तोच शिरस्ता झाला होता. टोप्या अविनाश बसवायचा. अडली की काठ तासायचा. डॉक्टर स्टुलावर बसून काचेवरचा कागद सांभाळायचे. एकही पुंगळी कागद चुकवून पुढे जात नसे. वहिनी आणि मी आत स्वयंपाकघरात. आमच्याकडे मटण नसायचं, साधा वरणभाताचा कुकर. तोही बंद गॅसवर थांबायचा, कारण सवय.

डॉक्टर आणि वहिनी त्यांच्या मुलीकडे, रीडिंग गावी, कायमचे राहायला जायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. त्यांचं सामान बांधून झालं होतं. मी दार ठोठावून आत डोकावले तेव्हा अविनाशचं काम संपलं होतं आणि डॉक्टरांच्या हातात शेवटची पुंगळी होती. "लावू का, डॉक्टर?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली, थांबा म्हणून. आणि मग, त्या रविवारनंतर इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं ते केलं. डोळे मिटले आणि पुंगळीच्या बुडावरून उजवा अंगठा फिरवला. सर्जरीत फिरवायचे तसा, एकदाच. अविनाश आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"काय म्हणतोय?" शेवटी अविनाशने विचारलं.

"बरोबर हाय म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच म्हणायचा."

मग डोळे उघडून त्यांनी ती पुंगळी कागदावर टेकवली, उचलून खिडकीच्या उजेडात धरली, सगळीकडून फिरवून पाहिली, आणि अविनाशच्या हातात देऊन म्हणाले, "लावा बाई कुकर."